रगडल्याने दुखणे का थांबते?

तुमच्या गावात कुस्तीची तालीम असेल तर एखाद्या पहाटे तेथे डोकावून पाहा. जोर-बैठका आणि लढती आटोपल्या आहेत. घामाने आणि तांबड्या मातीने माखलेला एक पैलवान पालथा पडला आहे. त्याचा जोडीदार त्याच्या पाठीवर तळहात रोवून सगळे वजन टाकतो आहे. तळहाताने भागले नाही तर कोपर, कोपराने भागले नाही तर टाच! खालचा पैलवान कण्हतो, पण "पुरे" म्हणत नाही. पाच-दहा मिनिटांनी तो उठतो, खांदे फिरवतो आणि म्हणतो, "आता अंग मोकळे झाले!"

हेच दृश्य निराळ्या रूपात घरोघर दिसते. दिवसभर शिवणयंत्रावर वाकून बसलेली आई रात्री म्हणते, "मानेत गाठ आली आहे रे, जरा दाबून दे." आजोबांची कंबर तर गेली कित्येक वर्षे धरलेली आहे. मोठ्या शहरांतल्या पाट्यांवर हल्ली 'डीप टिश्यू मसाज' असे शब्द दिसतात. त्याचा साधा अर्थ खोल मालीश. यात वरवर चोळत नाहीत. बोटांची पेरे, मुठी आणि कोपर यांनी सावकाश पण जोरदार दाब देत आतल्या थरातील स्नायूंपर्यंत पोचायचे, अशी त्यामागची कल्पना आहे. "जितके दुखेल तितका गुण येईल," असे सांगणारेही पुष्कळ भेटतात.

हे खरे आहे काय? अंग मोकळे होते म्हणजे आत नेमके काय होते? आणि जोर वाढवला म्हणजे गुणही वाढतो काय? चला, या प्रश्नांचा छडा लावू या.

स्नायूचे काम

आपल्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. मोठ्या माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. एखादा स्नायू उलगडून पाहिला तर तो दोरखंडासारखा दिसेल. दोरखंडात जशा दोऱ्या आणि दोऱ्यांत धागे, तसे स्नायूत तंतूंचे जुडगे आणि प्रत्येक तंतूत त्याहून बारीक सूत्रे असतात. ही सूत्रे दोन प्रकारची असतात, जाड आणि पातळ. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घालून पुढे सरकवा. बोटांची लांबी तेवढीच राहते, पण दोन मनगटांतील अंतर कमी होते. स्नायू असाच आखडतो. हा शोध १९५४ मध्ये दोन निरनिराळ्या संशोधक जोड्यांनी एकाच वेळी जाहीर केला. एका जोडीत ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन होते आणि दुसरीत अँड्र्यू हक्स्ली व रोल्फ नीडरगेर्के.

आता एक अनुभव घ्या. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हातात धरून हात खांद्याच्या रेषेत समोर ताठ ठेवा. बाटली जड नाही. तरीही एक-दोन मिनिटांत खांदा भरून येतो, जळजळतो, हात थरथरू लागतो. मात्र तीच बाटली वर-खाली हलवत राहिलात तर एवढा त्रास होत नाही. असे का व्हावे? आखडलेला स्नायू आपल्यातील बारीक रक्तवाहिन्या दाबून धरतो. हालचालीत तो आखडतो आणि सैल पडतो, त्यामुळे रक्त आत-बाहेर खेळते. एकाच स्थितीत ताणून धरला तर रक्ताचा पुरवठा अपुरा पडतो आणि तेथील संवेदनशील मज्जातंतू तक्रार करू लागतात. शिवणयंत्रावर वाकलेली आई, मोबाइलमध्ये मान घालून बसलेला दादा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकावर ओणवे झालेले तुम्ही यांच्या मानेची तक्रार याच जातीची असते.

तीन उत्तरे आणि त्यांची तपासणी

रगडल्याने बरे का वाटते, असे विचारले तर बहुधा तीन उत्तरे मिळतात. पहिले, आतली गाठ मोडते. दुसरे, स्नायूत साठलेले आम्ल बाहेर पडते. तिसरे, रक्त खेळू लागते. तिन्ही उत्तरे पटण्याजोगी आहेत. पण विज्ञानात पटणे पुरेसे नसते. ती तपासावी लागतात.

प्रथम गाठ पाहू. बोटाखाली काही तरी टणक लागते आणि तेथे दाबले की कळ येते, हा अनुभव खराच आहे. अमेरिकेतील डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हल यांनी अशा दुखऱ्या ठिकाणांचा अनेक वर्षे अभ्यास केला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या कंबरदुखीवर त्यांनीच उपचार केले होते. पण अशी गाठ म्हणजे नक्की काय, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. दोन जाणकारांनी एकाच पाठीवर स्वतंत्रपणे गाठी शोधल्या तर त्यांच्या खुणा पुष्कळदा जुळत नाहीत. शिवाय, स्नायूंना गुंडाळणारी जी चिवट आवरणे असतात ती हाताने दाबून ताणता येतात काय, याचे गणित अमेरिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये मांडले. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे जाड आवरण केवळ १ टक्का दाबायचे म्हटले तरी माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे बळ लागेल, असे उत्तर आले. म्हणजे आपण कणकेसारखे स्नायू तिंबून त्यांना नवा आकार देतो, ही समजूत काही खरी नाही.

आता आम्लाची गोष्ट. हिचा उगम जुना आहे. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवले की, बेडकाचा स्नायू थकेपर्यंत काम करतो तेव्हा त्यात लॅक्टिक आम्ल साठते. तेव्हापासून अंगदुखीचा सारा दोष त्या आम्लावर आला. पण थोडा विचार करा. तुम्ही शाळेच्या सहलीत सिंहगड चढून उतरलात. पाय सर्वांत जास्त केव्हा दुखले? त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी! व्यायामात वाढलेले लॅक्टिक आम्ल तर साधारण तासाभरात पूर्ववत होते. हृदय ते इंधन म्हणून वापरते, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. जे चोर तासाभरात पळाला, त्याने दोन दिवसांनी घर कसे फोडले? मग दुसऱ्या दिवशीचे दुखणे कशाचे? ते मुख्यतः गड उतरण्याचे. उतरताना मांडीचा स्नायू आखडलेला असतानाच लांबवला जातो. त्यात त्याच्या सूत्रांना सूक्ष्म इजा होते आणि ती दुरुस्त होत असताना दुखते.

बरे, मालिशने आम्ल निचरते काय? कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात हे तपासले गेले आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हाताची मूठ आवळण्याचा जोरदार व्यायाम करवून लगेच मालीश केली. तेव्हा स्नायूतील रक्तप्रवाह वाढण्याऐवजी कमीच झाला आणि आम्ल निघून जाण्यास उलट उशीर लागला! कारण उघड आहे. बाहेरून दाबलेली रक्तवाहिनी ही पाय दिलेल्या रबरी नळीसारखीच. याच प्रयोगाने तिसऱ्या उत्तराचीही बाजू लंगडी केली. मालिशने कातडी लाल होते, ऊबदार लागते, पण खोल स्नायूत रक्ताचा पूर येतो असे आढळत नाही.

मग मालिशने स्नायूत काहीच होत नाही काय? तसेही नाही. कॅनडातीलच मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. ११ तरुणांनी दमछाक होईपर्यंत सायकल चालवली. मग प्रत्येकाच्या एकाच पायाला १० मिनिटे मालीश करण्यात आली. दोन्ही पायांतील स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. मालीश केलेल्या पायात सूज निर्माण करणारे रासायनिक संदेश थोडे कमी आढळले. लॅक्टिक आम्लात मात्र काहीही फरक नव्हता. म्हणजे पेशींना स्पर्शाची दखल घ्यावी लागते. पण उठल्या उठल्या "मोकळे" वाटण्याचे कारण येथेही मिळत नाही.

मज्जारज्जूतील दरवाजा

ते कारण शोधण्यासाठी स्नायूतून बाहेर पडून मज्जातंतूंच्या वाटेने जायला हवे. बाकाच्या कडेवर कोपर आपटले की तुम्ही काय करता? काही न शिकवताही दुसऱ्या हाताने ते चोळू लागता. लहान मूल पडले की आई गुडघ्यावर फुंकर घालते, हात फिरवते. हे वेडेपण नव्हे.

आपल्या शरीरातून बातम्या नेणाऱ्या तारा एकसारख्या नसतात. स्पर्शाची बातमी नेणारे मज्जातंतू जाड असतात. त्यांच्यातून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने जातो. ठुसठुसत्या वेदनेची बातमी नेणारे तंतू फार बारीक असतात. त्यांचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याएवढा. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर एक मीटर धरले तर स्पर्शाची बातमी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोचते आणि ठुसठुशीला पुरा एक सेकंद लागतो. ठेच लागल्यावर "लागले" हे आधी कळते आणि खरी कळ क्षणभराने येते, ती यामुळेच.

या दोन्ही बातम्या मज्जारज्जूत एकाच नाक्यावर येतात. १९६५ मध्ये कॅनडाचे रोनाल्ड मेलझॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल यांनी अशी उपपत्ती मांडली की, त्या नाक्यावर जणू एक दरवाजा आहे. स्पर्शाच्या आणि दाबाच्या बातम्या मोठ्या संख्येने आल्या की तो अर्धवट मिटतो आणि वेदनेच्या बातम्या मेंदूपर्यंत कमी पोचतात. त्यांनी कल्पिलेल्या जोडणीच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु वाटेतच वेदना कमी-जास्त करता येते, हे मूळ तत्त्व टिकले.

दरवाजा वरूनही लोटता येतो. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूच्या एका मधल्या भागाला विजेचे सौम्य झटके दिले. तेव्हा भूल न देताही त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता आली. मेंदू स्वतःच खाली "पुरे" असा हुकूम धाडत होता. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना मेंदूत तयार होणारी, अफूसारखे काम करणारी द्रव्ये सापडली. ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाचा हात, निवांत जागा, आता बरे वाटेल ही अपेक्षा या सर्वांचा मेंदूच्या हुकमावर परिणाम होतो. म्हणून "अंग मोकळे झाले" याचा अर्थ बहुतांशी असा की, मेंदूने व मज्जारज्जूने पहारा थोडा ढिला केला आणि स्नायूंना सैल होऊ दिले. स्नायू तोच आहे. त्याच्यावरचा हुकूम बदलला आहे.

जोर वाढवला तर?

मूळ प्रश्नाकडे वळू. दाबाची बातमी पोचवणे हेच मुख्य काम असेल, तर त्यासाठी कण्हण्याइतका जोर हवा काय?

अमेरिकेत सिॲटल शहराच्या परिसरात जुनाट कंबरदुखी असलेल्या ४०१ स्त्री-पुरुषांवर याचा कसून अभ्यास झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे तीन गट केले. एका गटाला दुखण्याचे मूळ वाटणारे स्नायू व आवरणे शोधून त्यांवर काम करणारी मालीश दिली. दुसऱ्याला केवळ आराम वाटावा अशी साधी, सर्वांगाची मालीश दिली. दोन्ही आठवड्यातून एकदा, दहा आठवडे. तिसऱ्या गटाचे नेहमीचे उपचार चालू राहिले. दहा आठवड्यांनी मालीश झालेल्या दोन्ही गटांत तीनांपैकी एकाहून अधिक लोक म्हणाले, "दुखणे गेले, किंवा पुष्कळच कमी झाले." तिसऱ्या गटात असे सांगणारे होते २५ पैकी एक. म्हणजे मालिशचा उपयोग झाला, यात शंका नाही. परंतु शोधून केलेल्या मालिशमध्ये आणि साध्या मालिशमध्ये लक्षात घ्यावा असा फरक आढळला नाही! शिवाय लाभ सहा महिन्यांपर्यंत टिकला आणि वर्षाअखेर बहुतेक ओसरला.

चिकित्सक विद्यार्थी येथे विचारील, "आपल्याला मालीश मिळते आहे हे लोकांना कळतच होते. मग त्या समजुतीचा परिणाम किती?" प्रश्न अगदी योग्य आहे. गोळीच्या जागी खडीसाखर देता येते, हाताच्या जागी काय देणार? म्हणूनच मालिशवरील प्रयोगांचे निष्कर्ष जपून वाचावे लागतात. पण दोन प्रकारच्या मालिशची तुलना करताना ही अडचण बरीच कमी होते, कारण हात तर दोन्ही गटांना मिळाला होता.

जुनाट दुखणे निराळे असते

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट दुखणे म्हणतात. त्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी लंडनमध्ये दाखवून दिले की, इजेनंतर मज्जारज्जूतील पेशी अधिक संवेदनशील होऊ शकतात. मग जेथे पूर्वी नुसता स्पर्श जाणवला असता तेथेही वेदना होते. घरात चोर शिरल्यावर वाजावी अशी घंटा मांजर गेले तरी वाजू लागावी, तसे हे असते. घंटा खोटी नाही, दुखणे खरेच असते. पण प्रत्येक वेळी चोर मात्र नसतो. अशा माणसाला "सहन कर, गाठ मोडते आहे" म्हणत जोराने रगडले तर घंटा आणखी हळवी होण्याचीच भीती.

२०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम आणि दुखण्याविषयी नीट माहिती देणे यांना स्थान आहे आणि इतर उपायांच्या बरोबरीने मालिशलाही आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावून ताण देणे यांचा मात्र नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये, असे सांगितले आहे. मालिशने दार थोडा वेळ मिटते. त्या मोकळ्या वेळात चालणे, वाकणे आणि हळूहळू स्नायूंची ताकद वाढवणे हे काम उरकायचे असते. दार मिटले म्हणून अंथरुणात पडून राहिलो तर ते पुन्हा उघडणारच.

कोठे हात लावू नये?

अति जोराने रगडणे निरुपद्रवी नाही. स्नायूंचे तंतू चिरडले गेले तर त्यांतील तांबडे मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते. अवजड मालिशनंतर असे झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. मालिशनंतर लघवी गडद तपकिरी झाली तर तडक डॉक्टरांकडे जावे. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर कधीही जोर लावू नये, तेथून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती चोळू नये. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ताप, ताजी दुखापत, हाड मोडल्याची शंका किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, या वेळीही आधी डॉक्टर, मग मालीश. पाय बधिर होणे, हातापायातली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे तर मुळीच अंगावर काढू नयेत.

वर्गात करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली पुढील प्रयोग करता येईल. जमिनीवर बसून एक पाय ताठ करा, दुसरा गुडघ्यात दुमडा. ताठ पायाच्या अंगठ्याकडे सावकाश वाका. हिसका देऊ नका. बोटांचे टोक आणि अंगठा यांतील अंतर मित्राने फूटपट्टीने मोजावे. दोन्ही पायांची मोजमापे तीन-तीनदा घेऊन सरासरी काढा. आता छापा-काटा करून एक पाय ठरवा आणि त्याच मांडीची मागची बाजू स्वतःच्या हाताने, दुखणार नाही अशा दाबाने दोन मिनिटे चोळा. दुसऱ्या पायाला हात लावू नका. पुन्हा मोजा. अर्ध्या तासाने आणखी एकदा मोजा. मोजणाऱ्याला कोणता पाय चोळला हे सांगायचे नाही, ही अट महत्त्वाची. का, ते वर्गात चर्चेने ठरवा. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर मांडा. फरक पडला काय? पडला असेल तर अर्ध्या तासाने किती उरला? दोन मिनिटांत स्नायू खरोखर लांब झाला असेल, की ताण सहन करण्याची तयारी वाढली असेल? उत्तर तुमच्या आकड्यांना विचारा.

आणि आज रात्री आईने मान दाबायला सांगितली तर जरूर दाबा. दाबताना मात्र विचारत राहा, "बरे वाटते ना? जास्त तर होत नाही?" तिचा चेहरा आक्रसला की जोर कमी करा. मग दर अर्ध्या तासाने यंत्रावरून उठून खांदे फिरवायची आठवण तिला करून द्या. तुमच्या हाताने मिळालेला आराम त्यामुळे थोडा अधिक काळ टिकेल.